स्वस्त शहरात जायचं, पण स्वस्तात विकायचं नाही

पत्र

गेली नऊ वर्षं मी एका महानगरात युनिफॉर्म शिवून देण्याचा छोटा कारखाना चालवते. हॉटेलं, दवाखाने, सुरक्षा कंपन्या हे माझे ग्राहक. हाताखाली आठ माणसं आहेत. काम भरपूर आहे, पण भाडं, पगार आणि वीजबिल भागवलं की उरत काहीच नाही. एखादा महिना मंदीचा गेला की झोप उडते. जागेचा करार सहा महिन्यांनी संपतोय आणि मालक भाडं बरंच वाढवणार आहेत. रेल्वेने चार तासांवर एक मध्यम आकाराचं शहर आहे. तिथे तिप्पट मोठी जागा निम्म्याहून कमी भाड्यात मिळतेय. थोरले भाऊ म्हणतात, ‘लोक लहान शहरातून मोठ्या शहरात येतात आणि तू उलटी निघालीस!’ मला मात्र वेगळीच भीती वाटते. ग्राहक टिकतील का? कारागीर मिळतील का? उद्या धंदा वाढवायचा म्हटलं तर तिथे वाढेल का? आणि माझ्याकडच्या माणसांना हे कधी आणि कसं सांगायचं?

– एक उद्योजिका

उत्तर

ताई, ‘एखादा महिना मंदीचा गेला की झोप उडते’ या तुमच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण जायचं की नाही याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

तुमचे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून हिशेबाला सोपे धरते. समजा, १०० ची विक्री झाली की कापड, दोरा, बटणं, नगावर दिली जाणारी मजुरी आणि पोहोचवण्याचा खर्च वजा जाऊन तुमच्याकडे ४० उरतात. या ४० मधूनच भाडं, पक्के पगार, विजेचा स्थिर आकार, हप्ते असा दर महिन्याचा ठरलेला खर्च भागवायचा असतो. तो ६० आहे असं धरू. म्हणजे ना नफा ना तोटा इथपर्यंत यायलाच तुम्हाला महिन्याला १५० ची विक्री करावी लागते. आता जागा बदलल्यामुळे हा ठरलेला खर्च ६० वरून ४० वर आला, तर १०० च्या विक्रीतच तोंडमिळवणी होते.

इथपर्यंतचा हिशेब तुम्ही केलाच असणार. खरा फरक दिसतो तो वाईट महिन्यात. समजा विक्री ८० वर घसरली. त्यातून हाती ३२ येतील. आजच्या जागेत त्या महिन्यात २८ चा खड्डा पडेल, नव्या जागेत ८ चा. तुमच्या गाठीला १२० शिल्लक असतील, तर आजच्या जागेत अशी मंदी तुम्ही चार महिने काढू शकाल. नव्या जागेत तीच शिल्लक पंधरा महिने पुरेल. शिवणारे तेच, शिलाई तीच, ग्राहकही तेच. पण एकीकडे चार महिन्यांत कर्जासाठी धावाधाव सुरू होते आणि दुसरीकडे सव्वा वर्ष शांतपणे नवे ग्राहक शोधता येतात.

परवडणाऱ्या शहराचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो. तिथे धंद्याला सवड मिळते. चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. उशिरा पैसे देणाऱ्या, दर वेळी भाव पाडून मागणाऱ्या ग्राहकाला ‘नाही’ म्हणता येतं. छोटे धंदे बहुतेक वेळा काम वाईट म्हणून बंद पडत नाहीत, हातातली रोकड संपते म्हणून बंद पडतात. रोकड जितकी हळू संपेल तितके तुम्ही टिकता.

आणि म्हणूनच तुम्हाला मी सगळ्यात आधी एक गोष्ट बजावून सांगणार आहे. जागा स्वस्त मिळाली म्हणून दर कमी करू नका. तिकडे गेल्यावर हा मोह होणारच. जुने ग्राहकही म्हणतील, ‘आता तुमचा खर्च कमी झालाय, थोडं बघा की आमच्याकडे.’ वरच्याच आकड्यांत दर फक्त १० टक्क्यांनी उतरवून पाहा. पूर्वी १०० ला विकलेला माल आता ९० ला जाईल. त्यावरचा कापड-मजुरीचा ६० चा खर्च काही कमी होत नाही, म्हणजे ४० च्या जागी ३० उरतात. तोंडमिळवणीसाठी आता पूर्वीच्या दराने १३३ चा होईल इतका माल शिवावा लागेल. १५० वरून १०० वर आणलेला आकडा एका सवलतीने पुन्हा १३३ वर गेला. शहर सोडलं, माणसं हलवली, मशीन वाहून नेली आणि त्या सगळ्या कष्टाचा दोनतृतीयांश फायदा ग्राहकाच्या खिशात गेला. शिवाय माल रेल्वेने किंवा ट्रकने पाठवण्याचा खर्च वाढणार आहे, तो वेगळाच.

जो पैसा वाचेल त्याचं काय करायचं ते पुढे सांगते. आधी ते शहर स्वस्त का आहे, हे नीट समजून घेऊ.

डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये जमिनीच्या खंडाबद्दल एक मुद्दा मांडला होता. खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग होत नाही, धान्य महाग विकलं जातं म्हणून जमिनीला खंड येतो. शहरातल्या जागेचंही बरंचसं असंच आहे. मोठ्या शहरात भाडं जास्त असतं, कारण तिथे असण्याचा काही तरी फायदा असतो आणि त्या फायद्याचा मोठा हिस्सा जागेचा मालक भाड्याच्या रूपाने काढून घेतो. म्हणजे तुम्ही आज दर महिन्याला त्या फायद्याची किंमत मोजताय. तो फायदा तुमच्या धंद्याला खरंच होतो का, हे तपासायला हवं.

रस्त्यावरून जाणारी माणसं आत वळतात म्हणून चालणारं दुकान असेल, तर महागडं भाडं म्हणजे त्या वर्दळीची किंमत असते आणि ती बऱ्याचदा वसूलही होते. पण युनिफॉर्मची ऑर्डर द्यायला कुणी रस्त्यावरून आत येत नाही. दवाखान्याच्या खरेदी विभागाला तुमचा कारखाना कोणत्या चौकात आहे याच्याशी देणंघेणं नसतं. कापड धुतल्यावर आटलं नाही ना, बाह्या नीट बसल्या ना आणि माल सांगितलेल्या तारखेला आला ना, एवढंच ते बघतात. वर्दळीचे पैसे तुम्ही नऊ वर्षं भरताय आणि ती वर्दळ तुमच्या कामाची नाही.

पण मोठ्या शहराच्या काही गोष्टी तुम्ही नक्की वापरता, आणि त्या वापरतोय हे रोजच्या सवयीमुळे लक्षातही येत नाही. एकाच प्रकारचे उद्योग एका ठिकाणी का जमतात, याची कारणं अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये सांगितली होती. त्या कामात तरबेज असलेली माणसं तिथे मिळतात, पूरक धंदे आसपास वाढतात आणि कामातल्या खाचाखोचा एकमेकांकडून आपोआप कळत जातात. आता तुमच्याकडे पाहा. काजाचं मशीन बंद पडलं की आज दुपारपर्यंत मेकॅनिक येत असेल. एखाद्या छटेचं कापड कमी पडलं की संध्याकाळपर्यंत दुसरं थान येत असेल. ग्राहकाचं बोधचिन्ह खिशावर भरून देणारा कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीवाला दोन गल्ल्या सोडून असेल. नव्या शहरात यातलं काय मिळेल आणि काय नाही, हे तिथे जाऊन, माणसांना भेटून बघा. फोनवर सगळेच ‘होऊन जाईल’ म्हणतात.

अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच म्हटलं होतं की काही कामं फक्त मोठ्या शहरातच पोट भरू शकतात. त्यांनी हमालाचं उदाहरण दिलं होतं. खेड्यात तर नाहीच, पण साध्या बाजारपेठेच्या गावातही त्याला रोज पुरेल इतकं ओझं मिळत नाही. ज्यांचं काम इतकं खास आहे की हजारात एखाद्यालाच ते लागतं आणि तो ग्राहक जवळच असावा लागतो, अशांनी मोठं शहर सोडू नये. तुमचं तसं नाही. एम्ब्रॉयडरीसारखं काम तुम्ही जुन्याच माणसाकडून करून घेऊ शकता. खिशाचे तुकडे आधी भरून आणायचे आणि मग शर्टाला लावायचे. चार तासांच्या अंतराने त्यात फार काही बिघडत नाही, फक्त आदल्या आठवड्यात ठरवावं लागतं. मेकॅनिकचं मात्र आधीच बघून ठेवा. तिथे पटकन मिळणार नसेल, तर वाचलेल्या भाड्यातून काजाचं आणि ओव्हरलॉकचं एकेक जास्तीचं मशीन घ्या, झिजणारे सुटे भाग आणून ठेवा आणि तुमच्यातल्या एकाला दुरुस्ती शिकवा. वाचलेला पैसा असा कामात घालायचा.

जागा तिप्पट मिळतेय असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या धंद्यात तिचा सगळ्यात मोठा उपयोग कटिंग टेबलाला होईल, असं मला वाटतं. अडचणीच्या जागेत टेबल आखूड असतं. मग एका वेळी दोनच शर्टांचे पॅटर्न मावतात. टेबल लांब झालं की एकाच पसाऱ्यात सहा शर्ट मांडता येतात आणि तेही वेगवेगळ्या मापांचे. मोठ्या मापाच्या पाठीशेजारी उरलेल्या चिंचोळ्या जागेत लहान मापाची कॉलर किंवा कफ बसतो आणि चिंधीत जाणारं कापड वाचतं. दुसरी गोष्ट, कापडाचा प्रत्येक थर अंथरताना दोन्ही टोकांना थोडं जास्तीचं सोडावंच लागतं. प्रत्येक टोकाला २ सेंटिमीटर धरले तर थरामागे ४ सेंटिमीटर गेले. दोन शर्टांच्या थरात ही घट शर्टामागे २ सेंटिमीटर पडते, सहा शर्टांच्या थरात पाऊण सेंटिमीटरही पडत नाही. एका शर्टाला हे काहीच नाही. पण दवाखान्याची पाचशे नगांची ऑर्डर असते तेव्हा बघा. युनिफॉर्मच्या खर्चात कापडाचा वाटा सहसा सगळ्यात मोठा असतो. त्यामुळे तिथे वाचलेला प्रत्येक टक्का भाड्याच्या बचतीइतकाच मोलाचा आहे. तुमच्या कटिंग मास्टरांना विचारा, टेबल दुप्पट लांब मिळालं तर किती कापड वाचेल? ते तोंडी सांगतील आणि तो आकडा खरा असेल.

मात्र जागा स्वस्त आहे म्हणून लागते त्यापेक्षा जास्त घेऊ नका. मोकळी जागा दिसली की ती भरायची इच्छा होते. आधी जास्तीचं कापड येतं, मग ‘पुढे लागेल’ म्हणून मशीन येतात आणि सवडीचा पैसा थानांमध्ये अडकून पडतो. टेबल, मशीन, तयार मालाचे रॅक आणि माणसांना जेवायला नीट जागा, एवढं मोजा आणि तेवढंच घ्या. बाजूची जागा पुढेमागे मिळण्याची तरतूद करारात करता आली तर उत्तम.

आता ग्राहक. चार तासांचं अंतर त्यांना कधी जाणवेल? वर्षाच्या मोठ्या ऑर्डरला नाही जाणवणार. तिला तशीही आठवड्यांची मुदत असते. जाणवेल ते हॉटेलात सोमवारी नवीन मुलगा कामाला लागला आणि त्याला बुधवारपर्यंत युनिफॉर्म हवा, अशा वेळी. आज तुम्ही हे सहज निभावून नेत असाल आणि त्यासाठी ग्राहक तुम्हाला धरून असेल. त्याची सोय आधी लावा. प्रत्येक मोठ्या ग्राहकाचे चालू मापांचे थोडे तयार कपडे शिवून ठेवा आणि त्यातले काही त्यांच्याच स्टोअरमध्ये ठेवायला द्या. मोठ्या शहरातल्या एखाद्या चांगल्या शिंप्याशी अल्टरेशनचं बोलून ठेवा. पँटची उंची कमी करायला कपडा चार तास प्रवास करून येऊ नये. तयार मालात पैसा गुंतेल, पण वाचलेलं भाडं यासाठीच वापरायचं आहे. दर कमी करून ग्राहक धरून ठेवण्यापेक्षा ही सोय कितीतरी पक्की, कारण दर उद्या दुसरा कुणीही तुमच्याहून कमी करू शकतो.

तुमच्या सगळ्यात मोठ्या चार-पाच ग्राहकांना मात्र निर्णय होण्यापूर्वी प्रत्यक्ष भेटा. ‘आम्ही जातोय, चालेल का?’ असं विचारू नका. ‘माल अमुक दिवसांत मिळेल, अल्टरेशन इथेच होईल, तातडीचे कपडे तुमच्या स्टोअरमध्ये असतील, यात तुमचं काय अडेल?’ असं विचारा. या प्रश्नावर खरी अडचण बाहेर येते. त्यातला एखादा गेला तर काय, याचाही हिशेब आत्ताच मांडा. विक्रीचा तिसरा हिस्सा एकट्या ग्राहकाकडून येत असेल आणि तो डळमळीत वाटत असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा, मग हला.

नव्या शहरातही ग्राहक आहेत, हे विसरू नका. तिथेही दवाखाने, शाळा, कारखाने, हॉटेलं असणारच, आणि त्यांतले बरेच जण आज युनिफॉर्म बाहेरून मागवत असतील. मध्यम शहरात तुमच्यासारखं काम करणारे मोजकेच असतात. माप घ्यायला स्वतः येणारी, बिघडलं तर दुसऱ्या दिवशी हजर होणारी व्यक्ती त्यांना गावातच मिळाली, तर ते बाहेर कशाला जातील? अशा शहरात चांगलं काम तोंडोतोंडी पसरतं. एका शाळेचं काम नीट झालं की दुसऱ्या शाळेच्या विश्वस्तांपर्यंत ते जाहिरातीशिवाय पोहोचतं. एक ऑर्डर फसली तर तीही तितक्याच वेगाने पोहोचते, म्हणून पहिलं वर्ष झेपेल तेवढंच काम घ्या. आणि एक बघून ठेवा, ते शहर एकाच मोठ्या कारखान्यावर किंवा एकाच उद्योगावर जगत नाही ना? तसं असेल आणि तो उद्योग आजारी पडला, तर शाळांची पटसंख्या, हॉटेलांचा धंदा, दवाखान्यांची बिलं सगळंच एकदम खाली येतं. अशा वेळी तुमचे निदान निम्मे ग्राहक बाहेरचे असलेले बरे.

कर्जाच्या बाबतीतही लहान शहराचा फायदा होऊ शकतो. मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या उद्योगांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. कर्ज देणाऱ्या संस्थेशी जवळचे आणि एकवटलेले संबंध असतील तर छोट्या उद्योगाला कर्ज मिळणं सोपं जातं, असं त्यात दिसलं. व्याजदरावर त्याचा परिणाम तुलनेने कमी होता, पण कर्ज मिळतं की नाही यावर होता. मध्यम शहरात शाखेचा अधिकारी तुमचा कारखाना पाहायला येण्याची शक्यता जास्त. त्याला बोलवा. गरज नसताना बोलवा. हिशेब दाखवा, टेबलावर पसरलेली ऑर्डर दाखवा. गरज पडेल तेव्हा कागदावरच्या आकड्यांपलीकडे तुमच्याबद्दल त्याला काही तरी माहीत असेल.

आता कारागीर, आणि इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मध्यम शहरात माणसं टिकतात हे खरं आहे. घर जवळ असतं, जाण्यायेण्यात दिवसाचे दोन-तीन तास जात नाहीत, संध्याकाळी मुलांजवळ वेळेवर पोहोचता येतं. चार पैसे जास्त मिळतात म्हणून दर सहा महिन्यांनी दुसऱ्या कारखान्यात जायला तिथे तेवढे कारखानेही नसतात. पण याच गोष्टीची दुसरी बाजू नीट बघा. माणूस दुसरीकडे जाऊ शकत नाही म्हणून त्याला कमी पगारात राबवणं तिथे शक्य होतं. अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्ये याच परिस्थितीचं विश्लेषण केलं होतं. काम देणारे मोजके असले की मजुरी त्या कामाच्या खऱ्या मोलापेक्षा खाली ढकलली जाते. तुम्ही हे करू नये, असं मी कळकळीने सांगते. ते अन्यायाचं आहे आणि धंद्याच्या दृष्टीनेही नुकसानीचं. तिथल्या चालू दरापेक्षा थोडं जास्त द्या, पगाराची तारीख चुकवू नका, दिवसाचे तास ठरवून द्या. ‘तिथे पैसे वेळेवर मिळतात’ ही बातमी त्या शहरात महिनाभरात सगळ्या शिलाईकाम करणाऱ्यांपर्यंत जाईल आणि चांगली माणसं स्वतः चालत येतील.

तयार कारागीर मात्र कमी मिळतील, हे धरूनच चाला. मोठ्या शहरात एक गेला की आठवड्यात दुसरा येतो. तिथे कॉलर बसवणारा गेला तर तसा दुसरा मिळायला महिने लागू शकतात. उपाय एकच. प्रत्येक अवघड काम निदान दोन जणांना येत असलं पाहिजे. कटिंग, कॉलर, पँटची चेन, शेवटची तपासणी, या प्रत्येक कामाला एक पक्का आणि एक शिकाऊ असे दोघे ठेवा. शिकवताना कापड वाया जाईल, वेगही पडेल. पहिल्या सहा महिन्यांचं उत्पादन आजच्यापेक्षा कमी धरूनच मुदती द्या. स्वस्त जागेने दिलेली सवड इथे सगळ्यात सार्थकी लागते, कारण शिकाऊ माणसाला वेळ देणं आजच्या भाड्यात तुम्हाला परवडतच नाही.

भाऊंच्या म्हणण्याबद्दल. त्यांचं प्रेम मी समजू शकते, पण मोठं शहर म्हणजे पुढे आणि लहान शहर म्हणजे मागे, हा हिशेब धंद्याला लागू पडत नाही. तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घ्या. ‘झारा’चं पहिलं दुकान १९७५ मध्ये स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या ला कोरुन्या या शहरात उघडलं. ते माद्रिदही नव्हतं आणि बार्सिलोनाही नव्हतं. त्याआधी अमानसिओ ऑर्तेगा यांनी त्याच शहरात घरात घालायच्या झग्यांपासून कपडे शिवायला सुरुवात केली होती. त्या कंपनीचं मुख्यालय आजही ला कोरुन्याजवळच आहे, आणि वाढीच्या काळात आसपासच्या भागातल्या लहान शिलाई कारखान्यांचा तिला मोठा आधार झाला. जर्मनीत स्क्रू आणि जोडणीचं साहित्य विकणारी ‘वुर्थ’ कंपनी १९४५ मध्ये क्युन्झेल्साऊ या छोट्या गावात सुरू झाली. १९५४ मध्ये वडील गेले तेव्हा राइनहोल्ड वुर्थ यांनी एकोणिसाव्या वर्षी ती हाती घेतली आणि त्याच गावात राहून जगभर नेली. जर्मनीत अशा मध्यम कंपन्या भरपूर आहेत, आपापल्या वस्तूत जगात आघाडीवर आणि पत्ता मात्र कुणी न ऐकलेल्या गावाचा.

या उदाहरणांवरून लहान शहरात गेलं की धंदा वाढतोच, असा अर्थ काढू नका. जे वाढले नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. एवढंच कळतं की पत्ता वाढीच्या आड येत नाही. या दोघांनीही विक्री गावापुरती ठेवली नाही. तुम्हालाही तेच करावं लागेल. शिवायचं तिथे आणि विकायचं सगळीकडे. मोठ्या शहराशी संबंध तोडू नका. महिन्यातून एकदा तरी तिथे जा, ग्राहकांना भेटा, बाजारात नवीन कापड काय आलंय ते हाताने चाचपून बघा. लहान शहरात आपल्या कामाची तुलना करायला फारसं कुणी नसतं आणि नकळत ‘इथे एवढं चालतं’ अशी सवय लागते. तशी लागली की बाहेरचे ग्राहक पहिल्यांदा जातात.

हलण्याचा खर्च किती येईल हे तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-तीन महिने दोन्हीकडचं भाडं, मशीन हलवणं, वायरिंग, कामाच्या बंद दिवसांतले पगार, शिवाय हातून निसटलेली एखादी ऑर्डर, हे सगळं मांडा. ते दर महिन्याच्या बचतीने भागा. खर्च दीड वर्षात भरून निघत असेल तर मला हरकत दिसत नाही. तीन वर्षं लागत असतील तर आजच्याच शहराच्या कडेला, स्टेशनपासून लांब, कमी भाड्याची जागा शोधून बघा. युनिफॉर्मच्या धंद्याला मध्यवर्ती जागा लागतच नाही, त्यामुळे कदाचित निम्मा फायदा तिथेच मिळेल.

नव्या जागेचा करार एकदम लांब मुदतीचा करू नका. पहिल्या वर्षानंतर ठरावीक नोटीस देऊन बाहेर पडता आलं पाहिजे आणि पुढची भाडेवाढ किती टक्के ते आत्ताच लिहून घेतलं पाहिजे. अशी शहरं नावारूपाला आली की तिथलीही भाडी वाढतात. सही करण्यापूर्वी कामाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या परिसरात थांबून वीज किती वेळा जाते ते बघा, मालाची गाडी दारापर्यंत येते का ते बघा. तिथे धंदा बंद केलेल्या एखाद्या माणसाला शोधून त्याच्याशी बोला. यशस्वी माणसं शहराचं कौतुक करतात. बंद केलेला माणूस तिथे नेमकं काय अडतं ते सांगतो. जमलं तर आधी दोन मशीन आणि एका ग्राहकाचं काम तिकडे नेऊन तीन महिने चालवून पाहा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि तो तुम्ही विचारलात याचा मला फार आनंद झाला. आठ माणसांचे संसार त्या कारखान्याला जोडलेले आहेत. त्यांना करारावर सही झाल्यावर सांगू नका, आधी सांगा. सहा महिने हातात आहेत तेव्हाच सांगितलं, तर मुलांच्या शाळेचं वर्ष, घराचं भाडं, नवरा-बायकोच्या नोकऱ्या यांचा विचार करायला त्यांना वेळ मिळेल. प्रत्येकाशी आधी वेगळं बोला. येणाऱ्यांना घर शोधायला आणि सामान हलवायला मदत काय देणार, पगार तोच राहणार का, हे आकड्यांत सांगा. तो राहिलाच पाहिजे. न येणाऱ्यांना नियमानुसार असलेलं सगळं देणं शेवटच्या दिवशी हातात द्या, शिवाय जमेल तेवढं वर द्या आणि ओळखीच्या कारखान्यांत त्यांच्यासाठी स्वतः शब्द टाका. काही जण लगेच काम सोडतील या भीतीने लपवू नका. आठ माणसांच्या जागेत असली गोष्ट लपत नाही, आणि ती दुसरीकडून कळली तर राहणारेही मनातून उठतील.

सुरुवात कटिंग मास्टरांपासून करा, याच आठवड्यात. ते येणार असतील तर बाकीचं काम तिथे नवीन माणसांना शिकवता येईल. ते येणार नसतील तर ते असेपर्यंत, आजच्याच टेबलावर, दुसरा माणूस तयार करायला घ्या. त्यांचं उत्तर मिळेपर्यंत नव्या जागेची अनामत देऊ नका.